डाव्या हातावरचा डाग

१

प्रियदर्शनी बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास गेली, आणि दुपारी एकच्या आत तिचा कागद नाहीसा झाला.

बावीस वर्षांची पोर, सातवा महिना. निपाणीपासून दोन कोसांवरच्या एका गावाची सून. गावाचं नाव इथं घेत नाही. घेऊन कुणाचं भलं व्हायचं नाही, आणि त्या गावानं आधीच पुष्कळ ऐकून घेतलं आहे. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात दर बुधवारी रक्त कमी असलेल्या गरोदर बायांना लोहाचं औषध सलाइनमधून देत. काळपट तपकिरी औषध, लहान बाटलीत पातळ करून, थेंब थेंब. प्रियदर्शनीचं रक्त भरलं होतं सात, हवं होतं निदान अकरा. गोळ्या तिच्या पोटाला सोसत नव्हत्या. म्हणून त्या बुधवारी तिचा नंबर लागला.

सलाइन सुरू झालं आणि चार मिनिटांत तिच्या अंगाला खाज सुटली. मग ओठ सुजले, मग श्वास कोंडला. ॲम्ब्युलन्स बेळगावकडं सुटली खरी, पण संकेश्वर मागं पडायच्या आत आई आणि पोटातलं लेकरू दोन्ही संपली.

औषध दिलं होतं नर्स सौम्यानं. गावात तासाभरात बातमी पसरली की नर्सेनं काही न विचारता, काही न बघता औषध घाईघाईनं शिरेत ढकललं. आता नियम असा होता की हे औषध देण्याआधी एक पिवळा कागद भरायचा. त्यावर अकरा प्रश्न. हे इंजेक्शन पूर्वी घेतलं होतं का, तेव्हा काही त्रास झाला का, दमा आहे का, असे. खाली उत्तर देणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि डॉक्टरांची सही. सौम्या रडत रडत एकच सांगत होती, मी विचारलं होतं, मी कागद भरला होता. पण पोलिसांनी फाइल उघडली तेव्हा आत रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी तेवढी होती. पिवळा कागद नव्हता.

तक्रारीवर अंगठा होता मुलीच्या आईचा, मालुबाईचा.

बेळगावात हिंडलग्याच्या रस्त्याला राहणाऱ्या विनोदिनीबाईंना गुरुवारी सकाळी फोन आला. बाई चौसष्ट वर्षांच्या. उभी हयात नर्सा शिकवण्यात गेली, आणि निवृत्त होऊनही जिल्ह्यातल्या निम्म्या नर्सा त्यांना अजून चळाचळा कापत. फोनवर आरोग्य खात्याचे नागेंद्र होते.

"मॅडम, सोमवारी चौकशी समिती बसते. तोवर अहवाल पाहिजे. कागद सापडला नाही तर त्या पोरीची नोकरी जाईल, वर पोलिस केस होईल. काल आणखी अकरा बायांचा नंबर होता. एकही थांबली नाही, सगळ्या उठून घरी गेल्या. त्यातल्या एकीचं रक्त पाच आहे."

"माझ्याकडंच का आलात?"

नागेंद्र जरा घुटमळले. "तो पिवळा कागद तुम्हीच तयार केलाय ना."

बाईंनी फोन ठेवला आणि चप्पल पायांत सरकवली. आपण केलेल्या कागदावरून कुणी मेलं असेल, हे त्यांच्या मनात तेव्हा आलंच नव्हतं.

२

सौम्या केंद्राच्या मागच्या क्वार्टरमध्ये बसली होती. सव्वीस वर्षांची, हुक्केरीकडची, घरची भाषा कन्नड. पण निपाणीच्या बाजारात मराठीत घासाघीस करण्याइतकी ती या भागात मुरली होती. बाईंना बघून ती उठली, आणि पाया पडावं की रडावं हे न कळून तशीच उभी राहिली.

"बस," विनोदिनीबाई म्हणाल्या. "आणि रडणं नंतर. औषध किती मिलीत पातळ केलंस?"

"शंभर, मॅडम. थेंब मोजून लावले. पंधरा-वीस मिनिटांत जाईल असे."

बाईंनी पोलिस चौकीत सील केलेली बाटली आधीच डोळ्यांखालून घातली होती. आत ऐंशी मिली जशीच्या तशी होती. म्हणजे ढकललं-बिकललं ही नुसती गावगप्पा. औषध हळूच चाललं होतं आणि त्रास सुरू होताच बंद झालं होतं. ट्रेमधलं ॲलर्जीचा झटका रोखणारं ॲड्रिनालिनही तिनं मांडीत वेळेवर टोचलं होतं. एवढं सगळं चोख करूनही पोर हातची गेली होती.

"कागद कुणी भरला?"

"मीच. उत्तरं तिच्या आईनं दिली. सातव्यात आहे म्हणून आई नदीपलीकडून, महाराष्ट्रातून भेटायला आली होती, तीच सोबत आली. मी कागद घेऊन बसले तर प्रश्न विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, पोटभर खाऊन आलीया ती, काय हुनार न्हाय. बाहेर बाकावर बसवून डबा चारला होता तिला. मग मी एकेक विचारलं. पहिल्यांदाच का? व्हय म्हणाल्या. कधी त्रास? न्हाय म्हणाल्या. अंगठा केला."

"पोरगी काय म्हणाली?"

"काही नाही. खाली बघत होती. फक्त सुई लावताना उजवा हात पुढं केला. डाव्याची शीर गावत न्हाय म्हणाली. पदर होता डाव्या हातावर."

बाईंनी हे सगळं वहीत टिपलं. मग विचारलं, "फाइलच्या कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडं. मी तर ॲम्ब्युलन्समध्ये होते, मॅडम. किल्ली माझ्या गळ्यातच होती."

"आणि दुसरी?"

सौम्यानं मान खाली घातली. ती नखानं चटईची काडी उकलू लागली.

"डॉक्टर कुठं होते गं त्या वेळी?" बाईंनी विचारलं.

सौम्याचे डोळे पुन्हा भरून आले. बाईंना उत्तर मिळालं.

३

डॉक्टर निशांत बेळगावच्या शिक्षकांच्या घरातला. त्याच्या आजोबांच्या हाताखाली विनोदिनीबाई गणित शिकल्या होत्या, त्यामुळं त्यांनी त्याला पहिल्या वाक्यापासून अरेतुरेच केलं. त्यानं चहा मागवला आणि चहा यायच्या आत निर्दोष असल्याचा खुलासाही उरकून घेतला.

"खरं सांगू का, हा भाषेचा घोटाळा असणार. सौम्या कन्नड, ही माणसं मराठी. तिनं काय विचारलं आणि त्यांना काय कळलं, देव जाणे."

"छान," बाई म्हणाल्या. "सीमाभागात काही बिघडलं की भाषेवर ढकललं, की सगळ्यांना पटतं. अरे, मी गावात विचारून आलेय, ती पोरगी लग्नाआधी दोन वर्षं निपाणीत कापडाच्या दुकानात होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी कन्नडच बोलायची. आणि सौम्याचं मराठी तुझ्या कन्नडपेक्षा बरं आहे."

निशांतनं कपाळ पुसलं. बाईंनी टेबलाचा खण ओढला. त्यात पिवळ्या कागदांचा गठ्ठा होता. वरचे नऊ कागद कोरे. ना नाव, ना उत्तर. आणि नवांच्याही तळाशी निशांतची सही.

"पुढच्या बुधवारची तयारी वाटतं," बाई म्हणाल्या. "पेशंट कोण हे ठाऊक नाही, उत्तरं ठाऊक नाहीत, पण डॉक्टरांनी तपासून सही केली. औषध चालू असताना डॉक्टर इमारतीत असावा म्हणून ती सहीची जागा ठेवलीय रे मी. तू त्या दिवशी कुठं होतास?"

निशांतनं खण हळूच परत आत ढकलला.

"बेळगावला. घरी." निशांतचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "सकाळी निघायला उशीर झाला. साडेबाराला पोहोचलो तर हा गोंधळ. त्या कागदावर माझी सही होती, पावणेदहाची वेळ घातलेली. मी... मी तो फाडला. संडासात टाकून पाणी सोडलं."

"आणि त्या पोरीला लटकवलंस."

"मला वाटलं बाटली बघून ती सुटेल. मॅडम, मी असतो तरी ती वाचली असती का?"

"ठाऊक नाही. कदाचित तूही तेच केलं असतंस जे तिनं केलं. पण श्वासाची नळी घालायला आणखी दोन हात असते." बाईंनी हे रागानं म्हटलं नाही, आणि म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. "कागदावर काय लिहिलं होतं? आठवून सांग."

"पहिली वेळ, हो. पूर्वीचा त्रास, नाही. सगळी नाही-नाहीच. खाली अंगठा."

म्हणजे सौम्यानं विचारलं होतं. बाईंनी तिथल्या तिथं निशांतकडून लेखी घेतलं. खरं तर काम इथंच संपत होतं. कागद कुणी फाडला ते कळलं होतं. पहिल्याच वेळी असा झटका येणं फार क्वचित, पण येऊ शकतो, असं लिहून अहवाल देता आला असता.

निशांतनं शवविच्छेदनाचा कागद पुढं सरकवला. बाईंनी तो वरवर वाचला, मग पुन्हा नीट वाचला. पोट अन्नानं भरलेलं. उजव्या हाताला सुईची ताजी खूण. आणि डाव्या कोपराच्या आत, रुपयाएवढा, चहाच्या रंगाचा डाग. कातडी सपाट. जुना.

"हा डाग कसला?"

"घरचे म्हणाले, बिब्बा उतला होता."

विनोदिनीबाईंनी चष्मा काढून पुसला.

"आज त्या घरी जायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

४

प्रियदर्शनीच्या सासरी अंगणात सतरंजी पसरलेली होती आणि माणसं येऊन गप्प बसून जात होती. नवरा साईराज संकेश्वरजवळच्या साखर कारखान्यात कामाला. उसाचं गळीत सुरू असूनही कुणी त्याला बोलावलं नव्हतं. सासरे मारुतीराव खांबाला टेकून बसले होते.

"मालुबाई कुठं आहेत?" बाईंनी विचारलं.

"आज सकाळी गेली पलीकडं, तिच्या गावाला," मारुतीराव म्हणाले. "हितं बसवंना झालं तिला. आमाला तरी कुठं बसवतंय?"

साईराजनं न विचारताच मोबाइल पुढं केला. दसऱ्याला सोनं वाटताना काढलेला फोटो होता. प्रियदर्शनी हसत होती, पोट नुकतं दिसायला लागलेलं. डाव्या हाताचा पदर घसरला होता आणि आत तो डाग होता.

"हे बिब्ब्याचं?"

"व्हय. तीच म्हनली. मी इचारलं तर म्हनली, आईकडं बिब्बा लागला."

लहानपणी विनोदिनीबाईंच्या स्वतःच्या पायावर बिब्बा उतला होता. फोड येतात, पाणी गळतं, कातडी काळी पडते आणि मग खरबरीत वण राहतो. फोटोतली कातडी मात्र नितळ होती. जणू कुणी आतून चहा सांडला असावा. असा डाग त्यांनी नोकरीत चार-पाचदा पाहिला होता, आणि दर वेळी एकाच कारणानं. लोहाचं औषध शिरेबाहेर झिरपलं की ते कातडीखाली बसतं, आणि महिनोन् महिने जात नाही.

"हा कधी आला?"

साईराजनं डोळे मिटून आठवलं. "नागपंचमीला गेलती ती म्हायेराला. पंधरा दिस हुती. आली तवा हुता."

"पंचमीच्या आधी तिला कधी इंजेक्शन-सलाइन?"

"न्हाय. कवाच न्हाय."

मारुतीराव मधेच बोलले. त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, नुसतं नवल होतं. "धडधाकट पोर म्हनून दिलीवती त्यांनी. लग्नात तिची आई छातीवर हात ठिवून म्हनली, पोरीला साधं पडसं बी म्हाईत न्हाय. आनि बगा, एका सुईत गेली."

बाईंच्या मनात दोन गोष्टी एकमेकींना येऊन भिडल्या. सौम्यानं या पोरीला त्या बुधवारआधी कधी सुई लावली नव्हती, तरी हातावर त्या औषधाचा तीन महिन्यांचा डाग होता. म्हणजे पंचमीला, दूधगंगेपलीकडं, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कुणी तरी लावली होती. तिकडचं कार्ड वेगळं, इकडचं वेगळं. इकडच्या कार्डावर ते येणार कुठून? आणि दुसरी गोष्ट, जी टिपून घेताना त्यांना साधी वाटली होती. कुणी काही विचारलेलं नसताना आई का म्हणाली, पोटभर खाऊन आलीया, काय हुनार न्हाय?

काही तरी आधी झालेलं असल्याशिवाय माणूस असं म्हणत नाही.

"साईराज," त्या उठता उठता म्हणाल्या, "तिला काही आजार निघाला असता तर तू काय केलं असतंस?"

त्यानं त्यांच्याकडं असं बघितलं की बाईंना विचारल्याची लाज वाटली.

"दवाखान्यात न्हेलं असतं की," तो म्हणाला. "दुसरं काय करत्यात?"

५

शनिवारी त्या नदी ओलांडून मालुबाईच्या घरी गेल्या. पूल ओलांडायला दोन मिनिटं लागतात, आणि दुकानांच्या पाट्या बदलतात तेवढीच खूण. मालुबाई चुलीपुढं बसली होती, चूल पेटलेली नव्हती. पन्नाशीची बाई, चार दिवसांत सत्तरीची झालेली.

विनोदिनीबाई तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. वही त्यांनी पिशवीतून काढलीच नाही.

"मालुआक्का, मी नर्सांची मास्तरीण. एक विचारू? पंचमीनंतरच्या सोमवारी प्रियदर्शनीचा उपास होता का?"

मालुबाईनं दचकून मान वर केली. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्हीच. पोटभर खाऊन आलीया म्हणालात ना केंद्रात. श्रावणातला सोमवार, म्हणजे पोरगी उपाशी. तिला इकडच्या दवाखान्यात नेलंत, ते काळं सलाइन लावलं आणि तिला त्रास झाला. तुम्हाला वाटलं, पोटात काही नव्हतं म्हणून झालं. म्हणून या बुधवारी तुम्ही तिला आधी पोटभर चारलंत."

मालुबाईचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि आतल्या आत एक आवाज केला.

"झुनका केलावता," मालुबाई शेवटी म्हणाली. "तिला आवडतो म्हनून. दोन भाकरी खाल्ल्या तिनं बाकावर बसून. नगं नगं म्हनत हुती, मी सोडलं न्हाय. तवा पंचमीला अशीच खाज उठली, व्हट सुजलं, धाप लागली. डाक्टरनं सुई काडली, दुसरं इंजेक्शन दिलं, तासाभरात पोर बरी झाली. मला वाटलं, उपाशीपोटी औषद गेलं, डोकं फिरलं आसंल. आवो, आमी तर गोळी बी उपाशी घेत न्हाय."

"डॉक्टरनं काही लिहून दिलं का?"

मालुबाई उठली, पत्र्याच्या ट्रंकेतून लुगड्याच्या घडीखालून एक कार्ड काढून आणलं. त्यावर पोरीचं माहेरचं नाव होतं, बापाच्या आडनावासकट. आतल्या पानावर लाल शाईनं, मोठ्या अक्षरांत, कुणा काळजी असलेल्या डॉक्टरनं लिहिलं होतं: या औषधाची तीव्र ॲलर्जी. हे इंजेक्शन पुन्हा कधीही देऊ नये. प्रत्येक दवाखान्यात हे कार्ड दाखवावे.

"तुम्हाला वाचता येतं, आक्का?"

"न्हाय. तिला येत हुतं. घरी आल्यावर वाचून दावलं तिनं. म्हनली, आई, ह्ये सासरी न्हेते. मीच काडून घेतलं. म्हनलं, दाऊ नगं कुनाला. रोगी पोर गळ्यात मारली म्हनतील." मालुबाई भिंतीकडं बघून बोलत होती. "माजी थोरली भन हुती. तिला फिट यायची. लग्नात सांगितलं न्हाय आमच्या बानं. सा म्हयन्यांत कळलं, आनि तिला आनून सोडली. तीस वर्सं ह्याच दारात बसून हुती. मी तिच्याच मांडीवर वाडले. माज्या लेकीला तसं नगं हुतं मला."

चुलीतल्या गार राखेवर एक मांजर येऊन बसलं. कुणी त्याला हाकललं नाही.

"आता तुमी सांगा," मालुबाईनं बाईंचं मनगट धरलं. "तुमी शिकल्याली मानसं. पोट भरल्यालं हुतं तिचं. मग कसं झालं? त्या नर्शीनंच कायतरी चुकीवलं न्हवं?"

विनोदिनीबाईंच्या आयुष्यात याहून अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. हो म्हटलं असतं तर ही बाई एका नर्सेला शिव्या देत उरलेलं आयुष्य कसंतरी काढू शकली असती. नाही म्हटलं तर तिला रोज सकाळी उठून स्वतःकडं बघावं लागणार होतं. पण पलीकडच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षांची एक पोर चटईच्या काड्या उकलत बसली होती. आणि त्या अकरा बाया घरी बसल्या होत्या. ज्या औषधानं त्या वाचायच्या, त्याच औषधाला भिऊन.

"नाही, आक्का," त्या म्हणाल्या. "नर्सेचं काही चुकलं नाही. जेवण्याचा आणि याचा काही संबंध नाही. हे औषध हजारात नऊशे नव्व्याण्णव जणींना मानवतं, एखादीला मानवत नाही. जिला एकदा असा त्रास झाला, तिला ते पुन्हा द्यायचंच नसतं. उपाशीपोटी नाही आणि भरल्यापोटीही नाही. कार्डावर तेच लिहिलंय."

मालुबाईनं मनगट सोडलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं कार्ड घेतलं आणि त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. ती वाचता येत नसलेली अक्षरं तिनं एकेक करून शेवटपर्यंत चाचपली.

"म्हंजी मीच," ती म्हणाली.

विनोदिनीबाईंना नाही म्हणायचं होतं. ते जमेना. त्या नुसत्या तिच्याजवळ बसून राहिल्या, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग हळूहळू त्यांनी आपलं सांगितलं. "त्या कागदावर मी लिहिलं होतं, उत्तर पेशंटनं किंवा सोबतच्यानं द्यावं. मला वाटलं, बायका लाजतात, सोबतचं माणूस बोलेल. सोबतचं माणूस काही लपवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोरीला एकटीला विचारा, एवढं लिहिलं असतं तर... म्हणून म्हणते आक्का, यात मीही आहे."

मालुबाईला हे ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. मग तिनं विचारलं, "त्या नर्शीचं काय करनार सोमवारी?"

६

सोमवारी बेळगावात चौकशी बसली. निशांतनं लिहून दिलेलं समितीनं वाचलं आणि त्याला त्याच दिवशी निलंबित केलं. मग मालुबाई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती पहिल्या बसनं स्वतःहून आली होती. कार्ड तिनं छातीशी धरलं होतं. व्याही मारुतीराव आणि जावई साईराज समोरच्या बाकावर बसले होते. ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून हे सारं झालं, त्यांच्याच समोर आता बोलायचं होतं.

"नर्शीनं इचारलंवतं," ती म्हणाली. "पयल्यांदाच का म्हनून बी इचारलं आनि तरास झाला का म्हनून बी इचारलं. मी खोटं बोलले. तक्रार मागं घ्या."

साईराज उठला तेव्हा नागेंद्रांना वाटलं आता काही तरी होणार. पण त्यानं जाऊन सासूला खुर्चीवर बसवलं. तिला उभं राहवत नव्हतं.

"मामी, मला सांगायचं हुतं ओ," तो एवढंच म्हणाला. "मी काय म्हनलो असतो का तिला?"

मारुतीरावांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली.

सौम्याची केस निकालात निघाली. अहवालात विनोदिनीबाईंनी शेवटी दोन ओळी घातल्या. प्रश्न बाईला एकटीला विचारावेत, नातेवाइकांना बाहेर बसवून. आणि पलीकडच्या राज्यात कधी सलाइन घेतलं का, हे वेगळं विचारावं. खाली सही करताना, आधीचा कागद आपणच केला होता, हेही त्यांनी लिहिलं.

दुपारी बाहेरच्या व्हरांड्यात मालुबाई एकटी बसली होती. सौम्या पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडं गेली. विनोदिनीबाई चार पावलांवर थांबल्या. मालुबाईनं पाणी घेतलं नाही. सौम्याचा पदर चिमटीत धरला.

"बाय, मला खरं सांग. मी भाईर बसले असते, तू तिला एकटीला इचारलं असतंस, तर बोलली असती का गं ती?"

सौम्या तिच्यासमोर उकिडवी बसली.

"नाही, आक्का," ती म्हणाली. "तुम्ही अंगठा करायला टेबलाकडं गेला होता ना, तेव्हा मी तिला परत विचारलं होतं. तेव्हाही ती नाहीच म्हणाली."

मालुबाईनं तिच्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग मान हलवली, पाणी घेतलं, दोन घोट प्याली आणि जावयाचा हात धरून जिना उतरली.

ती दिसेनाशी झाल्यावर विनोदिनीबाई जवळ आल्या. "परत विचारलं होतंस? जबाबात नाही सांगितलंस ते."

सौम्या तशीच उकिडवी बसून होती.

"नाही विचारलं, मॅडम," ती म्हणाली. "आई टेबलाकडं गेल्यावर तिनं माझा हात धरला होता. घट्ट. मला वाटलं सुईला भ्याली. मी म्हटलं, भिऊ नको, काही होत नाही."